नाचणीचं बी दरसाल विकत कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात शहरातल्या तृणधान्य प्रदर्शनाची बातमी आली होती, सोबत एका स्टॉलचा फोटो. फलकावरची अक्षरं फोटोत स्पष्ट वाचता येत होती : ‘अस्सल देशी नाचणी. हायब्रीड नाही.’ कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात नाचणी ज्या भावानं मिळते त्याच्या जवळजवळ दुप्पट भाव. बातमीत पुढं असंही होतं, की नाचणी मूळची आपल्या सह्याद्रीतली, हायब्रीड बियाण्यानं ती संपत आणली आणि हायब्रीडचं बी धरता येत नसल्यामुळं डोंगरातला शेतकरी कायमचा दुकानदाराच्या दारात उभा राहिला.

शहरातल्या माणसानं पिठाला दुप्पट पैसे मोजावेत की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. पण आपला पेपर गगनबावड्यात, राधानगरीत, शाहूवाडीतही जातो. तिथं ‘नाचणीचं बी धरता येत नाही’ हे छापून आलं, की दुकानदाराला आयताच पुरावा मिळतो. म्हणून हे पत्र.

खरी गोष्ट अशी, की आपल्याकडच्या बाजारात नाचणीचं हायब्रीड बियाणं नाहीच. पाकिटात मिळतात ते सगळे सरळ वाण : फुले नाचणी, दापोलीचे वाण, कर्नाटकातून आलेला जीपीयू-२८. यातल्या कुठल्याही वाणाचं बी घरी धरा, पुढच्या पावसाळ्यात तेच पीक उभं राहतं. हे मी ऐकीव सांगत नाही. माझी बहुतेक नोकरी लहान तृणधान्यांच्या एका प्रक्षेत्रावर क्षेत्र सहायक म्हणून गेली आणि त्यातली कित्येक वर्षं नाचणीचे संकर करण्यात गेली. निबंधावर नावं साहेब लोकांची असत, चिमटा आणि बॅटरी आमच्या हातात.

बॅटरी अशासाठी, की नाचणी रात्री फुलते. साधारण एक ते पहाटे पाचच्या दरम्यान. कणसाचं एक बोट हातात धरून भिंगाखाली पाहिलं तर त्यावर दोन ओळींत साठ-सत्तर बारीक कणिशकं दाटीनं बसलेली दिसतात आणि एकेका कणिशकात चार-सहा फुलं. फूल तरी काय, पराग देणारे तीन पुंकेसर आणि पराग झेलणाऱ्या पिसासारख्या दोन कुक्षी, एवढाच संसार. बोटाच्या टोकाकडून बुडाकडं फुलत येतं. कणिशकाच्या आत मात्र उलटं, खालचं फूल आधी. त्यातही एका कणिशकात एका रात्री एकच फूल, त्यामुळं एक कणीस पुरतं फुलायला आठवडा जातो. आणि मुख्य गोष्ट ही, की परागकोश कुक्षीला खेटूनच फुटतात. फूल आपल्याला उमललेलं दिसेपर्यंत आतलं काम बहुधा उरकलेलं असतं. वाऱ्याची गरज नाही, माशीची नाही, शेजारच्या रानाची नाही. शंभरात एखादा दाणा परक्या परागाचा असला तर असला.

बियाणं प्रमाणित करणाऱ्यांनाही हे माहीत आहे. बाजरीच्या सरळ वाणाचा प्रमाणित बीजोत्पादनाचा प्लॉट दुसऱ्या बाजरीपासून २०० मीटर लांब ठेवावा लागतो. नाचणीला ३ मीटर पुरतात. तेही परागासाठी कमी आणि कापणीत कणसं मिसळू नयेत म्हणून जास्त.

अशा फुलाचा संकर करायचा म्हणजे काय कर्म असतं, ते करणाऱ्यालाच ठाऊक. चिमट्यानं एकेका फुलातले पुंकेसर उपटायला गेलं तर फूलच हातात येतं. मग एक उपाय गरम पाण्याचा. ५२ अंशाचं पाणी थर्मासमध्ये घ्यायचं, कणीस वाकवून पाचेक मिनिटं त्यात बुडवायचं. पराग मरतो, कुक्षी वाचते. पाणी दोन अंश जास्त झालं तर दोन्ही गेलं आणि कमी पडलं तर पराग जिवंत, म्हणजे मेहनत फुकट. रात्रीच्या गारठ्यात थर्मामीटरवर बॅटरी मारून बसलेले आम्ही बांधावरून जाणाऱ्याला चोरच वाटत असू.

दुसरी रीत जुनी, कोइमतूरच्या जी. एन. रंगस्वामी अय्यंगारांनी १९३०च्या दशकात सांगितलेली. तिच्यात काहीच उपटायचं नाही की उकळायचं नाही. एक हिरव्या पेराचं झाड आई म्हणून घ्यायचं, एक जांभळ्या पेराचं बाप म्हणून. दोन्ही एकाच वेळी निसवलेली हवीत. बापाच्या कणसाची बोटं आईच्या बोटांत गुंतवून सैल बांधायची, वरून कागदी पिशवी चढवायची आणि नशिबावर सोडायचं. पुढच्या हंगामात आईच्या कणसातलं सगळंच्या सगळं बी वाफ्यात टाकायचं आणि तरवा वीतभर झाला की उकिडवं बसून जांभळी रोपं शोधायची. नाचणीत जांभळा रंग वरचढ आणि हिरवा दबता, त्यामुळं हिरव्या आईच्या पोटी जांभळं रोप आलं तर तो संकर नक्की. बाकीची हिरवी म्हणजे आईनं आपलं आपणच उरकलेलं. अख्ख्या वाफ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जांभळी सापडली, की साहेब खूश होऊन सगळ्यांना चहा सांगायचे.

आता हिशेब बघा. रोप लावणीला एकरी दोनेक किलो बी लागतं आणि एका किलोत साडेतीन-चार लाख दाणे असतात. इतके दाणे संकर करून पाकिटात भरायचे आणि डोंगरातल्या शेतकऱ्याला परवडेल अशा भावात विकायचे, हे कुणाला जमणार? बाजरीला जमलं, कारण तिचं फूल निराळं. तिच्या कणसावर कुक्षी आधी बाहेर येतात आणि पराग मागून, त्यामुळं ती मुळातच परक्या परागावर जगते. त्यात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनहून टिफ्ट २३-ए ही नर-वंध्य, म्हणजे स्वतःचा पराग निकामी असलेली, ओळ मिळाली आणि १९६५ मध्ये एचबी-१ हे बाजरीचं पहिलं हायब्रीड आपल्याकडं आलं. ज्वारीचं सीएसएच-१ त्याच्या आदल्या वर्षीचं. नाचणीतही इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या कामातून, रसायनाची प्रक्रिया करून एक नर-वंध्य ओळ काढली गेली. पैदासकाराचे कष्ट वाचवायला ती कामाची आहे, पण तिच्यावरून दुकानात हायब्रीड नाचणी आलेली नाही.

यावर माझे एक शिकलेसवरलेले शेजारी म्हणाले, “अहो, पण सुधारित वाणही संकरातूनच काढता ना तुम्ही? मग हायब्रीडच की.” शंका रास्त आहे. संकराच्या पहिल्या पिढीत आईबापांची जनुकं निम्मी-निम्मी असतात. पण ते झाड स्वतःच स्वतःला फळवत जातं, तशी ही सरमिसळ दर पिढीला निम्म्यानं घटते. दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसऱ्या पिढीत २५, मग साडेबारा, मग सव्वासहा. सातव्या-आठव्या पिढीपर्यंत ती टक्क्या-दीड टक्क्यावर येते आणि शेजारी-शेजारी लावलेली झाडं एका साच्यातली दिसायला लागतात. तोवर दरसाल चांगली झाडं निवडत राहायचं. शेवटी जे उरतं त्याला वाण म्हणतात आणि त्याचं बी त्याच्यासारखंच निपजतं. पैदासकाराची सात-आठ वर्षं जातात ती यातच. शेतकऱ्याच्या हातात वाण येतो तेव्हा फुटाफूट होण्यासारखं, म्हणजे पुढच्या पिढीत निरनिराळी झाडं निपजतील असं, त्यात फारसं काही उरलेलंच नसतं.

मग दुकानदार शेतकऱ्याला घाबरवतो तरी कशाच्या जोरावर? तेही सांगतो, कारण प्रकार माझ्या घरातलाच आहे.

थोरल्या बंधूंचं वरकस रान गगनबावडा तालुक्यात आहे. आता पुतण्या बघतो. गेल्या पावसाळ्यात गेलो तर त्यानं तिसऱ्या वर्षीही नवं पाकीट आणलेलं. मी म्हटलं, घरचं बी काय झालं? तर म्हणाला, “आबा, दुकानदारानं सांगितलंय, हायब्रीडचं घरचं बी लावलं की निम्मं रानटी व्हतंय. ह्ये बघा की, मागल्या साली थोडं लावलं हुतं, त्याचं काय झालंय.” आणि बांधाकडं नेऊन त्यानं मला ‘बिघडलेली नाचणी’ दाखवली. बोटांसारखी कणसं, पानं तशीच, वाढ तशीच, पण कणसं किडकिडीत आणि दाणे भरलेच नाहीत असं वाटणारी.

ती नाचणी नव्हतीच. ते इल्युसिन इंडिका नावाचं गवत. रंकाळ्याच्या काठानं फरशीच्या फटीत, एसटी स्टँडच्या कडेला, शाळेच्या मैदानात, जिथं माणसाचा पाय पडतो तिथं ते हमखास असतं आणि आपण रोज तुडवत जातो. कोवळेपणी नाचणीच्या रोपाशेजारी आलं तर भांगलणाऱ्या बाईलाही चकवतं, म्हणून खुरप्यातून सुटतं आणि कणीस आल्यावर उघडं पडतं. ओळखायचं तर बुडाशी बघा : याचा बुंधा चपटा आणि पांढुरका, आवरणं एकमेकांवर दाबून बसवल्यासारखी. दाणा काळपट-तपकिरी, लांबट, अंगावर बारीक सुरकुत्या. नाचणीचा दाणा गोल. आणि या गवताचा दाणा पिकला की गळून जातो, नाचणी कणसात दाणा धरून ठेवते.

पुतण्याला मी तिथंच झाड उपटून बुंधा दाखवला. पण त्याचं समाधान झालं नाही. “मग नाचणीचा आन् ह्याचा संकर हून रानटी झाली नसंल कशावरनं?” पोराचा प्रश्न चांगला होता. या गवताच्या पेशीत गुणसूत्रं १८ असतात, नाचणीत ३६. समजा, चुकूनमाकून दोघांची गाठ पडली तर लेकराला एकाकडून ९ आणि एकीकडून १८ मिळून २७ येणार. त्यांची जोडी जुळत नाही, म्हणजे झाड वांझ. त्यातून रान भरून रानटी नाचणी होणं शक्य नाही. रानात जे उगवतं ते मातीत पडून राहिलेल्या गवताच्या बियांतून किंवा शेणखतातून आलेलं असतं. पाकीट नवं आणा की घरचं बी लावा, ते येणारच.

तरीही हे गवत नाचणीसारखं दिसतं त्याला कारण आहे. ते तिचं आजोळ आहे. नाचणीच्या ३६ गुणसूत्रांचे नऊ-नऊचे चार संच आहेत. त्यातले दोन या गवताच्या वंशातून आलेले, दोन दुसऱ्याच कुठल्या तरी गवताचे. कधी काळी आफ्रिकेत या दोन गवतांचा आपसूक संकर झाला, गुणसूत्रं दुप्पट झाली आणि त्यातून ३६ गुणसूत्रांची रानटी नाचणी निपजली. शास्त्रात तिला आफ्रिकाना म्हणतात आणि ती तिकडच्या रानांत आजही उगवते. पेशीतलं हरितलवक आईकडूनच येतं. नाचणीचं हरितलवक आपल्या या पायवाटेवरच्या गवताशी जुळतं, म्हणून आई ठरली. बापाचा मात्र अजून पत्ता नाही. मध्यंतरी गुणसूत्रं रंगवून पाहिल्यावर फ्लॉकिफोलिया नावाच्या एका आफ्रिकन गवतावर संशय गेला होता, पुढं डीएनएचा क्रम ताडून पाहिल्यावर तो टिकला नाही. २०१७ मध्ये बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी एमएल-३६५ या वाणाचा जनुकीय आराखडा मांडला, २०२३ मध्ये त्याहून नेटका, गुणसूत्रागणिक लावलेला आराखडा प्रसिद्ध झाला, तरी बाप बेपत्ताच. बहुधा ते गवत नामशेष झालं असावं.

स्टॉलवर ‘हायब्रीड नाही’ असा फलक लावणाऱ्यांना सांगायला हरकत नाही, की नाचणी ही जातच मुळात एका हायब्रीडची औलाद आहे. फक्त ते कुठल्या कंपनीनं केलेलं नाही.

आता सह्याद्रीबद्दल. एके काळी अभ्यासकांतही वाद होता, की नाचणी भारतातली की आफ्रिकेतली. १९७६ मध्ये खिदिर हिलू आणि जे. एम. जे. द वेट यांनी रानटी आफ्रिकाना आणि शेतातली नाचणी शेजारी-शेजारी ठेवून दाखवून दिलं, की हिची माणसाळण्याची जागा पूर्व आफ्रिकेतली, इथिओपिया ते युगांडाच्या डोंगराळ पट्ट्यातली, आणि काळ साधारण ५,००० वर्षांपूर्वीचा. तिथल्या बायाबापड्यांनी न गळणाऱ्या दाण्याची कणसं खुडून ठेवली, तीच पुढच्या सालाला पेरली आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच करत गेल्यावर गळणारी नाचणी शेतातून हटली. आपल्याकडं ती त्यानंतर समुद्रमार्गे आली. नक्की कधी, यावर उत्खनन करणाऱ्यांची अजून ओढाताण चालू आहे, कारण दक्षिणेत सापडलेले काही जळके दाणे आधी नाचणीचे म्हणून नोंदले गेले आणि फेरतपासणीत दुसऱ्याच बारीक धान्याचे निघाले.

यानं नाचणी परकी ठरते असं मला मुळीच म्हणायचं नाही. मिरची तर पोर्तुगीजांबरोबर आली आणि तिच्यावाचून कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याला रंग नाही. नाचणी तिच्या कितीतरी आधीची. ओढ्यावरच्या यल्लम्माच्या आंबील यात्रेला डोक्यावर घागर घेऊन जाणाऱ्या बाईला आफ्रिकेचं काय सांगायचं? पण आफ्रिकेशी असलेलं नातं आपण विसरलो असतो तर आज आपल्या रानात करप्यानं धुमाकूळ घातला असता. कणसाची मान काळी पडून वरचा भाग वाळतो तो करपा. आपल्या जुन्या जातींत त्याला दाद न देणाऱ्या थोड्याच. कर्नाटकातल्या मंड्याजवळच्या व्ही. सी. फार्म या संशोधन केंद्रावर पैदासकार लक्ष्मणय्यांनी आफ्रिकेतल्या नाचण्या आणून आपल्या नाचण्यांशी त्यांचे संकर केले आणि ‘इंडाफ’ नावाची वाणांची मालिका काढली. वर ज्याचा उल्लेख केला तो जीपीयू-२८ याच रक्ताचा, आणि करप्याला टिकतो म्हणून आज कर्नाटकापासून आपल्यापर्यंत पोचला आहे. ‘विदेशी रक्त नको’ म्हणणाऱ्यांनी करप्याच्या वर्षी एकदा डोंगरात येऊन बघावं.

जुन्या जाती टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. उलट, हे पीक शेजाऱ्याकडून काही घेत नसल्यामुळं एखाद्या वाडीतली जुनी जात एकदा पेरायची बंद झाली, की तिचे गुण दुसऱ्या कुठल्या रानात शिल्लक असतील अशी आशा नसते. पण त्या जपायच्या तर वाडीत जपा आणि त्यांचं नाव-गाव लिहून ठेवा. शहरात नुसता ‘देशी’ म्हणून फलक लावून काय जपलं जातं, ते मला कळलेलं नाही.

आता शेतकऱ्याच्या कामाचं. कायद्यानंही कुठं अडचण नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ प्रमाणं शेतकऱ्याला आपल्या रानातलं बी धरायला, पेरायला, अदलाबदल करायला, एवढंच काय विकायलाही मुभा आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं पाकीट करून विकायचं नाही, एवढीच अट.

दर तीन-चार वर्षांनी ताजं बियाणं आणावं हे मीही सांगेन. खळ्यावर, पोत्यात, बडवताना दुसरी नाचणी मिसळत जाते आणि करप्याची बुरशी बियांवरूनही पुढं जाते, त्यासाठी. आणताना पाकिटावरचं टॅग बघा. प्रमाणित बियाण्याचं निळं असतं, सत्यप्रत बियाण्याचं हिरवट. वाणाचं नाव वाचा. ‘हायब्रीड नाचणी’ असं कुणी बिलावर लिहून देत असेल तर ते बिल जपून ठेवा आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला दाखवा.

मधल्या सालांना घरचं बी धरायचं ते खळ्यावरच्या ढिगातून नको. उभ्या पिकात फिरून, बांधाकडच्या दोन-तीन ओळी सोडून, मानेवर काळा डाग नसलेली, एकसारखी पिकलेली मुख्य फुटव्याची कणसं आधी खुडायची, वेगळी वाळवायची, वेगळी बडवायची. ओल राहिली तर बी जातं, तेव्हा कडक ऊन द्यायचं. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. आठवड्यात ७५ किंवा जास्त उगवले तर बी चांगलं, कारण प्रमाणित बियाण्यालाही तेवढीच अट आहे. पुतण्यानं यंदा अशीच कणसं खुडून माळ्यावर टांगली आहेत. दुकानदार त्याच्यावर रुसला आहे असं कळतं.

आपल्याकडं एवढीच विनंती, की ती बातमी दुरुस्त करून छापावी आणि ‘नाचणीत हायब्रीड नाही, बी घरी धरता येतं’ हे ठळक यावं. छापायचं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात छापा. रोहिणी निघाल्या, की लोक पाकिटं घेऊन मोकळे झालेले असतात.

आपला,
एक निवृत्त क्षेत्र सहायक,
फुलेवाडी, कोल्हापूर